आप्पांच्या वजनाचा दिवस

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, माझ्या लग्नानंतर माझ्या घरी कधी पाणीसुद्धा घेतलं नाही. पिंपळवंडीहून वारूळवाडीला यायचे, ओट्यावर बसायचे, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढायचे आणि माझ्यासमोर घोट घोट प्यायचे. माझा माठ हाताच्या अंतरावर. चहा टाकू का म्हटलं तर ठरलेलं उत्तर, "नगं बाई, आत्ताच घिऊन निघालो." पिंपळवंडीहून निघताना घेतलेला चहा वारूळवाडीपर्यंत पोटात टिकतो होय?

आमच्यात एक रीत आहे. लेकीच्या कडेवर मूल आल्याशिवाय आईबापानं तिच्या घरच्या अन्नाला शिवायचं नाही. पुष्कळांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली. माझ्या चुलतबहिणीला मूल नव्हतं तेव्हाही तिचे आईवडील उन्हाळ्यात येऊन तिच्याकडे आमरस ओरपून जायचे. पण आप्पांचा जन्म मेंढरांमागे हिंडण्यात गेलेला. मेंढरं विकली, शेती धरली, तरी माणूस जुन्या वळणाचा राहिला आणि वर हट्टी. मला मूल झालं नाही. नारायणगावचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले, नवससायास झाले, मग मी आणि माझ्या नवऱ्यानं तो विषय बंद केला. आप्पांनी त्यावरून मला कधी बोल लावला नाही. फक्त बाटली घेऊन यायचे. त्यापेक्षा बोल लावला असता तर मी भांडले तरी असते. भांडायला मी कमी नाही, अख्ख्या वारूळवाडीला ठाऊक आहे.

आई होती तोवर हे सगळं चालून गेलं. ती गेली आणि प्रश्न थेट पोटावर आला. भाऊ चाकणला कंपनीत, तिथंच त्याचा फ्लॅट. आप्पा त्याच्याकडे गेले आणि थोड्याच दिवसांत परत आले. "चौथ्या मजल्यावर माणूस ऱ्हातंय व्हय? खाली बघितलं की गरगरतंय," म्हणाले. भाऊ आणि वहिनी दोघं कामाला जायची, आणि आप्पा दिवसभर टीव्हीवरच्या हिंदी बायकांची भांडणं बघत बसायचे. म्हणजे पुन्हा पिंपळवंडी, पुन्हा ते रिकामं घर, आणि जेवण म्हणून चहा आणि खारी. हात थरथरायचे, चुलीपाशी एकदा चांगलंच भाजून घेतलेलं. शेजारणीकडचं फुकट खाणं मानवत नव्हतं आणि लेकीकडचं चालत नव्हतं. मी नेलेला डबा त्यांनी कुत्र्याला घातलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. त्या दिवशी मी परत येताना आळेफाट्याच्या रस्त्यावर स्कूटी बाजूला घेऊन रडले.

अशात पुण्याच्या एका संस्थेनं जुन्नर आणि आंबेगावमधल्या काही गावांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचं जेवण सुरू केलं. पैसा कुठल्याशा कंपनीच्या अनुदानाचा. गावातल्या बचत गटाच्या बायका रांधायच्या आणि म्हातारी माणसं समाजमंदिरात पंगतीला बसायची. मी बारावी झालेली, स्कूटी चालवणारी आणि तोंडाची फटकळ, तेवढ्यावर मला कामावर घेतलं असावं. वाढणं माझं काम नव्हतं. माझं काम मोजायचं. महिन्यातून एकदा एकेका गावात जायचं, प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करायचं, दंडाला टेप लावायची, आकडे मोबाइलमध्ये भरून पुण्याला पाठवायचे. जेवणानं काही फरक पडतोय का, ते अनुदान देणाऱ्यांना बघायचं होतं.

पिंपळवंडीत पहिल्या दिवशी काट्यावर चढायला कुणी तयार होईना. आप्पा भिंतीला टेकून बसलेले. तिथूनच म्हणाले, "बकरू वजनाला कवा घालत्यात? इकायच्या टायमाला. आमाला कुटं इकायला काढलंय?" सगळी म्हातारी खदाखदा हसली. एक आजीबाई तर टेप बघून म्हणाल्या, "मला बिलाउज शिवती का गं?" मी तापले. घरचंच माणूस उठून खोडा घालतंय. म्हटलं, "आप्पा, संस्था तुम्हाला रोज जेवू घालणार. तिला बदल्यात काही द्याल का नाही? दुसरं काही मागत नाही ती, तुमचं वजन तेवढं मागती."

मी चिडून बोलून गेले, पण ते आप्पांच्या मनात पक्कं बसलं. ते उठले, पायताण काढलं, डोक्याचा पटका उतरवून घडी करून बाजूला ठेवला आणि काट्यावर ताठ उभे राहिले. "घे," म्हणाले. "फुकटचं न्हाई खायाचं आपल्याला."

तेव्हापासून पिंपळवंडीत तो कायदाच झाला. वजन दिलं की जेवण फुकटचं राहत नाही. ज्याचं वजन चुकायचं तो दुसऱ्या दिवशी ताटावर बसायला लाजायचा. त्या टेपवाल्या आजीबाई एकदा मंचरला पाहुण्यांकडे गेल्या होत्या. आल्या त्या तडक माझा फोन नंबर शोधत बसल्या, माझं वजन ऱ्हायलंय म्हणून. पुण्याच्या ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली. लोकसहभाग उत्तम, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, सहभाग कसला, त्यांना मिंधं राहायचं नाही एवढंच.

आणि आप्पा जेवायला लागले. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कधी अंडं. चटणी वाढायला उशीर झाला की वाढणाऱ्या बाईवर डाफरायचे. शेजारच्या म्हाताऱ्याशी बिबट्यावरून वाद घालायचे, तुज्या उसातला मोटा का माज्या उसातला. मी हातात टेप घेऊन कडेला उभी राहायची आणि बघायची. त्या घासात माझं काही नव्हतं, मीठसुद्धा नव्हतं. पण बाप पोटभर जेवतोय हे लेकीला बघायला मिळत होतं. मला तेवढं पुष्कळ होतं. नोकरी गेली असती तरी मी वजनाच्या दिवशी तिथं गेले असते.

वर्ष सरल्यावर जुन्नरला एसटी स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये आम्हा सगळ्या कार्यकर्त्यांना बोलावलं. पुण्याहून साहेब आले होते. तरुण माणूस, मनानं चांगला, म्हाताऱ्यांशी वाकून बोलणारा. त्यांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. सगळ्या गावांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या वजनाची सरासरी. रेघ सपाट. जिथं सुरू झाली तिथंच संपलेली. साहेब खाली बघत म्हणाले की कंपनीच्या मते यातून बदल दिसत नाही. पुढच्या वर्षीचं अनुदान गरोदर बायका आणि लहान मुलांकडे वळवणार, तिथं रेघ वर जाते.

मी उभीच राहिले. "साहेब, या वयात माणूस उतरत जातं. ही उतरली नाहीत. हाच तर फरक आहे."

"मला पटतंय, ताई," ते म्हणाले. "पण जे झालं नाही ते दाखवायचं कसं? ज्यांना जेवण मिळत नाही अशांचीही वजनं आपण घेतली असती, तर सांगता आलं असतं."

"म्हणजे उपाशी माणसाला काट्यावर चढवायचं, आकडा लिहून घ्यायचा आणि जा म्हणायचं?"

साहेबांनी पडद्यावरची रेघ बंद केली. मला त्यांचा धड रागही आला नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे वेगळेच होते, ते जुन्नरला कधी आलेच नाहीत. चहा झाला, समोसे झाले, आणि मी स्टँडवरून गाडी काढून घरी आले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच खेकसले.

शेवटच्या दिवशी पिंपळवंडीच्या बायकांनी शिरा केला होता. जेवण झाल्यावर आप्पांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "आमी वजन नीट दिलं न्हाई का गं?" मी म्हटलं, "तसं काही नाही, आप्पा." बिबट्यावरून भांडणारा त्यांचा शेजारी म्हणाला, "वजन कमी पडतंय ह्ये आदी सांगायचं राव, खिशात दगडं घालून आलो असतो." तो थट्टा करत होता की खरं बोलत होता ते मला कळलं नाही. त्यांना वाटत होतं की चूक त्यांच्या अंगात आहे. हातातला काटा पिशवीत घालून मी बाहेर पडले.

आता आप्पांच्या जेवणाचं काय, याच विचारानं माझा डोळ्याला डोळा लागेना. गटातली रांधणारी एक मावशी आप्पांच्या आळीतच राहायची. संस्थेचे स्टीलचे डबे तिच्याकडेच पडून होते. मी तिला गाठलं. सकाळी मी वारूळवाडीत स्वयंपाक करायचा, तिच्या घरी पोचवायचा, तिनं तो संस्थेच्या डब्यात भरून आप्पांना द्यायचा आणि सांगायचं की पंगत बंद झाली, पण डबा चालू आहे. मावशी म्हणाली, "तुज्या बापाला कळलं तर मला गावात उबं ठिवायचा न्हाई." पण तिनं केलं. आप्पांनी डबा घेतला, उघडून बघितला आणि एकच विचारलं, "आन वजन?"

त्यामुळं मला वजनही चालू ठेवावं लागलं. काटा परत मागायला कुणी आलं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला मी संस्थेची पिशवी खांद्याला अडकवून माझ्याच बापाच्या घरी जायची, काटा ओट्यावर मांडायची, आणि आप्पा पटका काढून त्यावर उभे राहायचे. वर तक्रारही करायचे. "पयल्यासारखी चव न्हाई ऱ्हायली. मीठ कमी घालत्यात. सांग तुज्या सायबाला." माझ्याच हातच्या स्वयंपाकाची निंदा मी मान खाली घालून ऐकून घ्यायची. एरवी कुणी असं बोललं असतं तर मी त्याचं ताट उचलून घेतलं असतं.

डबा जात होता, पण आकडा खाली येत होता. मावशी म्हणाली, अर्धी भाकरी तशीच राहती, कधी कुत्र्याला घालतात. एकट्याला घास उतरत नाही. पंगतीत बसलं की माणूस चार घास जास्त खातं, आमच्या गावाकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं. दर महिन्याला काट्यावरून उतरताना आप्पा विचारायचे, "हाय का तेवढंच?" आणि मी म्हणायची, "तेवढंच आहे, आप्पा." मग त्यांचा चेहरा खुलायचा. "मंग चालू ऱ्हाईल डबा," म्हणायचे.

साहेब जुन्नरला जे मागत होते ते आता माझ्याकडे येत होतं. जेवणाची पंगत मोडली की म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, ते दर महिन्याला मला दिसत होतं. एकदा मी फोन हातात घेतला, साहेबांचा नंबर काढला. सांगावं वाटलं की बघा, आता दिसतोय का फरक. पण तो आकडा माझ्या बापाच्या अंगातून गेलेला होता. मी फोन ठेवून दिला आणि कणीक मळायला घेतली.

पुढं आप्पांना ताप येऊ लागला, चालताना तोल जाऊ लागला. नारायणगावच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, वय झालंय, पोटात अन्न जाऊ द्या, जपा. पिंपळवंडीला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. भाऊ आला, त्यानं आणि माझ्या नवऱ्यानं मिळून आप्पांना गाडीत घातलं आणि वारूळवाडीला माझ्याकडे आणलं. आप्पांनी विरोध केला नाही. फक्त बाटली बरोबर घेतली, आणि गाडीत बसल्यावर विचारलं, "डबा हितं यील का?"

"येईल की," माझा नवरा म्हणाला. "संस्था मोठी आहे, आप्पा. वारूळवाडीलाही देती." जन्मात खोटं न बोललेला माणूस. पुढं रोज दुपारी तो मागच्या दारानं डबा घेऊन बाहेर पडायचा, मोटारसायकल चालू करायचा, टोमॅटोच्या वावराला वळसा घालून पुढच्या दारी यायचा आणि हॉर्न वाजवायचा. "आप्पा, आला डबा." मी आत स्वयंपाकाच्या ओट्यापाशी तोंडात पदर कोंबून हसायची, आणि हसता हसता रडायची. बाटलीतलं पाणी तोच भरून द्यायचा, ग्रामपंचायतीच्या नळाचं आहे असं सांगून. ते तरी खरं होतं, आमच्या माठातही तेच पाणी.

पण डबा आता नावालाच. दोन-चार घास, मग तेही नाही. आणि अशात वजनाचा दिवस आला. आप्पांना तो बरोबर आठवत होता. सकाळी ओट्यावर ऊन आलं तेव्हा मला म्हणाले, "काटा काढ." मी म्हटलं, "राहू द्या या महिन्यात." तर म्हणाले, "वजन दिल्याबिगर डबा न्हाई खायाचा." आम्ही दोघांनी त्यांना धरून काट्यावर उभं केलं. पाय थरथरत होते, सगळा भार आमच्या हातांवर. त्यांनाही ते कळलं. "ह्ये खोटं वजन झालं," म्हणाले आणि खाली बसले. दुपारी डबा आला, हॉर्न वाजला, त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग माझा तोल गेला. "आप्पा, तुम्हाला जेवायचंय का मरायचंय ते एकदा सांगा," असं मी ओरडले. मला लगेच वाईट वाटलं. अंगणवाडीत तान्ह्या मुलांचं वजन कसं घेतात ते मला तेव्हा आठवलं. मूल उभं राहत नाही, म्हणून आधी आई एकटी काट्यावर चढते, मग मुलाला घेऊन चढते, आणि आईचं वजन वजा करतात. मी काटा मांडला. आधी एकटी चढले. मग खाली वाकून आप्पांच्या गुडघ्यांखाली एक हात घातला, पाठीमागे एक हात घातला आणि त्यांना उचललं. टोमॅटोचे क्रेट उचलणारे हात माझे. मला वाटलं होतं जड जातील. काहीच जड गेलं नाही.

त्यांना घेऊन मी काट्यावर उभी राहिले. त्यांनी एक हात माझ्या मानेभोवती टाकला होता. नवऱ्यानं वाकून आकडा बघितला आणि तो मोठ्यानं वाचला नाही. आप्पा इतक्या जवळून माझ्याकडे बघत होते की त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता.

"ह्ये काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"लहान पोरांचं असं घेतात, आप्पा. आईच्या कडेवर."

त्यांनी मानेभोवतीचा हात घट्ट केला. मग म्हणाले, "मंग हाय की आता तुज्या कडंवर पोर." आणि जरा थांबून, "त्यो डबा नगं. तुज्या घरचं वाढ."

मला आनंद झाला नाही. खरं सांगायचं तर आधी संताप आला. हे एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं काय अडलं होतं, असं त्यांना गदागदा हलवून विचारावंसं वाटलं. आई गेल्यावर हे म्हणाले असते तर. पंगत मोडली तेव्हा म्हणाले असते तर. पण हातात पिसासारखा बाप होता, त्याच्याशी काय भांडणार. मी त्यांना अंथरुणावर ठेवलं आणि आत गेले. माझ्या लग्नात त्यांनीच दिलेलं पितळेचं ताट वरच्या फळीवरून काढलं, धुतलं, पुसलं. मऊ भात, त्यावर मुगाचं वरण, तूप. माठातलं पाणी तांब्यात घेतलं. नवऱ्यानं त्यांना पाठीशी उशी लावून बसवलं होतं.

मी घास भरवला. त्यांनी तो हळूहळू चावून गिळला. दुसराही गिळला. "लई चांगलं झालंय," म्हणाले. तिसरा घास मी तोंडाशी नेला तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि मला वाटलं, थोड्या वेळानं घेतील. मी ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, तिथं सलाइन लागलं, आणि जाईपर्यंत तोंडानं त्यांनी पुन्हा काही घेतलं नाही. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या घरचं म्हणून माझ्या बापाच्या पोटात गेले ते तेवढे दोन घास.